डोहाळजेवणातला पेढा

मित्रांनो, आज दुपारी आमच्या घरी बायकोचं, सोनालीचं, डोहाळजेवण झालं. तिला गरोदरपणात शुगर निघाली आहे.

आमच्याकडे दोन झाकलेल्या वाट्यांत पेढा आणि बर्फी ठेवतात. सोनालीनं उघडलेल्या वाटीत पेढा निघाला. माझ्या कुरुंदवाडच्या मावशीनं तो थेट तिच्या तोंडाशी नेला. "खा गं. एका पेढ्यानं काय हुतंय?"

मी मध्ये बोलणार, इतक्यात सोनालीच म्हणाली, "मावशी, माझी साखर वाढली की पोटातल्या बाळाची बी वाढतीया. दवाखान्यात नर्सताईंनी शिकवलंय. मला भाकरी आणि मटकीची उसळ वाढा, आवडीनं खाते की."

"लई शिकलीस," मावशी फणकारली.

जेवणानंतर दोन तासांनी सोनालीनं सगळ्या बायकांसमोर स्वतःच बोटाला सुई टोचली. गेल्या महिन्यापर्यंत ती डोळे घट्ट मिटून हात माझ्यापुढे करायची. आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत आला.

मावशीनं साखर मोजायचं मशीन निरखून बघितलं आणि हळूच स्वतःचं बोट पुढं केलं. "माझी बी बघ की."

सोनालीनं नवी सुई लावली.

तुमच्या घरी "एकानं काय होतंय" म्हणणाऱ्यांना कोण उत्तर देतं? आमच्या घरी आता तीच देते.