अनवाणी

आमच्या सिडनीच्या युनिव्हर्सिटीत एक जपानी व्हिडिओ कलाकार आहे. अन्याय झालेल्या माणसांचा इतिहास ती चित्रित करते. प्रत्येक वाक्याआधी कमरेत वाकते, ‘मी फक्त ऐकते’ म्हणते, आणि ऐकताना कॅमेऱ्याकडेच बघते. मला कलेतलं फार कळत नाही. तरी मी तिला सांगितलं, की माझ्या आजोबांना पाटलांच्या आळीतून चपला हातात घेऊन जावं लागायचं. तिने विचारलं म्हणून त्यांचं नावही सांगितलं.

“लव्हली. तू चालून दाखव ना, अनवाणी. दहाच सेकंद.”

“नको. ते... मला नाही जमणार.”

“नो वरीज,” ती वाकून म्हणाली.

तिच्या प्रदर्शनातल्या व्हिडिओत कॅसल हिल उपनगरातला एक मराठी मुलगा चपला हातात घेऊन, हसू दाबत चालत होता. त्याच्या पायांखाली माझ्या आजोबांचं नाव लिहिलं होतं.