ईस्टरचं बोरन्हाण

मला लहान मुलांची भीती वाटते. मोठ्या मुलांची नाही. ती निदान बोलून अपमान करतात. ज्यांना अजून बोलता येत नाही आणि ज्यांच्या हातातली कुठलीही वस्तू पुढच्या क्षणी तोंडात असते, त्यांची. गेल्या वर्षापर्यंत ही भीती नव्हती. गेल्या वर्षापर्यंत मी या विषयातला तज्ज्ञ होतो.

माझी मुलगी दादरला बाळांचे वर्ग घेते. बसायला लागलेल्या बाळापासून दुडुदुडु पळणाऱ्यापर्यंत सगळी, सोबत आई नाहीतर आजी, आणि तासभर गाणी, रंग, पाण्यात थपथप. यासाठी लोक फी भरतात हे कळल्यावर मी आठवडाभर हसत होतो. आम्ही लालबागला राहतो, आमच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. दुपारी वर्ग असला की मुलगी नातीला आमच्याकडे सोडून जायची. नात तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. बँकेतून निवृत्त झालेला मी तिला सांभाळायचो, म्हणजे मी सोफ्यावर पेपर वाचायचो आणि ती पायाशी बसून पुरवणी खायची.

होळी झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, या वेळी ईस्टरची थीम आहे. अंडी, ससे, कोंबडीची पिल्लं. तुम्ही रोज सूचना देता ना, मग प्लॅनही तुम्हीच करून द्या."

ती थट्टेत म्हणाली. मी मनावर घेतलं.

ईस्टरला अंडी लपवतात आणि मुलं ती शोधतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण रांगणारं मूल काय शोधणार? त्याला स्वतःचा पाय सापडला तरी केवढा आनंद होतो. मग एके दिवशी भात कालवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लपवायची कशाला? वरून ओतायची! आपल्याकडे संक्रांतीला बोरन्हाण करतातच की. बाळाला पाटावर बसवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि भोवतीच्या पोरांनी झडप घालायची. नातीचं जानेवारीतच झालं होतं. बोरांच्या जागी अंडी ओतली की झाला ईस्टर!

मुलीने सगळं ऐकून घेतलं. "कल्पना बरी आहे," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्यासाठी 'बरी' हा शब्द तिचा दहावीचा निकाल लागला त्यानंतर निघालाच नव्हता. मग तिने पर्समधून पुठ्ठ्याची एक नळी काढली, टॉयलेट पेपरच्या आत असते ती. "पण नियम लक्षात ठेवा. यातून जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या हातात द्यायची नाही. घशात अडकते."

"आमच्या वेळी असल्या नळ्या नव्हत्या. तू कशी वाचलीस?"

"नशिबाने," ती म्हणाली.

मी मार्केटमधून प्लॅस्टिकची रंगीत अंडी आणली, मधोमध उघडून पुन्हा बंद होणारी. एकेक नळीवर ठेवून बघितलं. एकही आत जाईना. सगळी पास! पण रिकामी अंडी पाटावर पडताना आवाजच करत नव्हती. बोरन्हाणात कशी टपटप होते. त्याशिवाय मजा काय? बायकोने नुकतीच वर्षाची चिंच फोडली होती आणि चिंचोके बरणीत भरून ठेवले होते. मी प्रत्येक अंड्यात चिमूटभर टाकले, वरून चिकटपट्टी लावली. छान खुळखुळायला लागली. चिंचोक्याला नळी लावून बघावं, हे मला सुचलंच नाही. परीक्षा अंड्याची होती, आणि अंडं उत्तीर्ण झालं होतं.

मुलीला दाखवण्याआधी रंगीत तालीम करावी म्हणून मी दुपारची वेळ निवडली. मुलगी वर्गाला, बायको खाली मसाला कांडून आणायला गेलेली. नातीला पाटावर बसवलं आणि सुपातून अंडी ओतली. ती खदखदून हसली. मी पुन्हा गोळा केली, पुन्हा ओतली. मग फोन काढला आणि मुलीला पाठवायला व्हिडिओ घ्यायला लागलो.

ती खोकली.

लालबागमध्ये त्या दिवसांत खोकल्याकडे कोण लक्ष देतं? आमच्या गल्लीत मिरच्या कांडायला घेतल्या की सातव्या मजल्यापर्यंत ठसका येतो. वॉचमन खोकतो, लिफ्टमध्ये अख्खी बिल्डिंग खोकते, मी स्वतः खोकत खोकत व्हिडिओ काढत होतो. "मिरची गं बाई, मिरची," असं मी त्या व्हिडिओत म्हणतोय. तो मी नंतर पुसून टाकला, पण माझा तो आवाज कानातून जात नाही.

मग तिचा खोकला थांबला. मला बरं वाटलं. फोनच्या पडद्यावर ती तोंड उघडून माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या मनात आलं, वा, काय पोझ देतेय! तेवढ्यात तिच्या मांडीवरचं अंडं दिसलं. चिकटपट्टी लोंबत होती, अर्धं टरफल पलीकडे पडलं होतं. तिचा चेहरा लाल नव्हता. लाल असायला हवा, असं काहीतरी मनात आलं. तो वेगळ्याच रंगाचा होत होता. आणि आवाज नव्हता. खालच्या मशीनच्या घरघरीतही एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी तिला उचललं आणि दाराकडे धावलो. पुन्हा आत आलो. कुणाला हाक मारायची तेच आठवेना. बायकोला फोन लावावा तर फोन कुठे ठेवला ते समजेना. तोंडात बोट घालायला गेलो आणि आणखी आत ढकललं तर, या विचाराने हात मागे घेतला. हे सगळं क्षणभरातलं असणार. पण त्या क्षणात मी मुलीला कसं सांगायचं याची तीन-चार वाक्यं मनात तयार केली होती. त्यातलं एकही पुरं झालं नव्हतं.

मुलीने एकदा आजी-आजोबांसाठी खास तास घेतला होता. बाहुलीला हातावर पालथी घालून तिच्या पाठीवर ती थाप मारून दाखवत होती, आणि मागच्या खुर्चीवरून मी म्हणालो होतो, "हे काय, धोबीघाट काढलास?" सगळे हसले होते. तिने काय शिकवलं ते मला आठवत नव्हतं. माझा विनोद मात्र आठवत होता. त्या विनोदाला धरून मी मागे गेलो. धोबीघाट. पालथी. डोकं खाली. दोन खांद्यांच्या मध्ये.

मी खाली बसलो, तिला हातावर पालथी घेतली आणि तळहाताने थाप मारली. काही नाही. मारली. जोर लागतोय का, कळत नव्हतं. आणखी जोरात मारली. आपण हिचं हाड मोडणार, असं वाटत असताना मारली.

लादीवर टक् असा आवाज झाला.

आणि मग ती रडली. असा भोंगा की खालची मिरचीची मशीन ऐकू येईना. मीही रडत होतो, पण तो आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

बायको दारात आली, हातात गरम मसाल्याचा डबा. ती मालवणची, घाबरली की सगळी प्रमाण भाषा गळून पडते. "काय झाला? बाय कित्याक रडता?"

मी लादीवरच्या चिंचोक्याकडे बोट दाखवलं. तिने डबा खाली ठेवला, नातीला घेतलं आणि त्यानंतर मला उद्देशून जे बोलली ते इथे लिहीत नाही.

परळच्या डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. "अंड्यात किती चिंचोके होते?" त्यांनी विचारलं. चिमूटभर, मी म्हणालो. हिशेबात आयुष्य घालवलेला माणूस, आणि चिमूटभर! "आता तरी छाती साफ आहे. शिट्टी वाजल्यासारखा श्वास लागला, ताप आला, तर लगेच या." मग ती आमच्याकडे निजली की मी नाकाशी कान लावून बसायचो. प्रत्येक डायपर काठीने उलगडून बघायचो. बायको शेवटी म्हणाली, "अहो, तुमी बँकेत असा कधी काम केलात काय?" काही सापडलं नाही. काही झालंही नाही.

मुलीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती ओरडली नाही, हे फार वाईट झालं. तिने बाळाला उचललं, खांद्याशी धरलं, आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा." त्यानंतर ती बाळाला फक्त आजी घरी असेल तेव्हाच सोडायला लागली. दारात आल्यावर आधी विचारायची, "आई आहे?" मी "आहे" म्हणायचो. ते उत्तर देताना मला रोज त्या लादीवरचा आवाज ऐकू यायचा.

ईस्टरच्या आठवड्यातल्या वर्गाला तिने मला बोलावलं तेव्हा मला घामच फुटला. बोरन्हाण तिने ठेवलं होतं. पण अंडी होती मोज्यांची. मोठ्यांचे रंगीत मोजे गुंडाळून, शिवून केलेले गोळे. ती सुपातून ओतत होती आणि बाळं आनंदाने किंचाळत होती. मी भिंतीला टेकून एकेकाचं तोंड बघत होतो. कोपऱ्यातला एक पठ्ठ्या खोकला आणि मी त्याच्याकडे झेपावलो.

"अहो काका, सर्दी आहे त्याला!" त्याची आई हसत म्हणाली. मी हसलो नाही. तो दुसऱ्यांदा खोकेपर्यंत आणि मग रडेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

तेवढ्यात नात रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. मी वाकलो. तिने हातातलं मोज्याचं अंडं माझ्या तोंडात कोंबलं.

मुलगी सूप घेऊन समोर उभी होती. "बाबा, काढा ते तोंडातून. आ करा बघू."

मी आ केला. तिने खरोखर वाकून बघितलं. मग म्हणाली, "मी पाणी पिऊन येते. हिच्याकडे बघा," आणि आमच्या दोघांकडे पाठ करून बाहेर गेली.

ती परत येईपर्यंत मी पापणीसुद्धा मिटली नाही.