डावी भुवई आधी

माझ्या मामाला आमच्या घरात सगळे 'भिंग' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. चाळीस वर्षं तो लोकांचे जुने फोटो दुरुस्त करत आला. आधी बारीक ब्रश आणि शाई घेऊन, नंतर मी त्याला लॅपटॉप आणून दिला त्यावर. फाटलेले, भिजलेले, घडी पडलेले फोटो पाकिटात घालून लोक त्याच्याकडे यायचे आणि तो त्यातल्या माणसांना पुन्हा नाकीडोळी नीट करून द्यायचा. या कामाने त्याला एक खोड लागली होती. कुणाचाही चेहरा तो नुसता बघायचा नाही, तपासायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या होणाऱ्या बायकोशी त्याने पहिलं वाक्य काय बोलावं? "तुझा उजवा कान जरासा खाली आहे, पण फोटोत कळणार नाही." ती बिचारी आठवडाभर आरशासमोरून हलली नाही. कान खरंच खाली होता.

हे सगळं आधी सांगतोय, कारण अशा माणसाला मी एका दुपारी फोनवर सांगितलं की दोष तुझ्या डोळ्यांत आहे. आणि त्याने माझं ऐकलं.

मी एका मोठ्या कंपनीच्या मदतकक्षात नोकरी करतो. कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन, आणि दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी. अनोळखी माणसाशी मी इतका गोड बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या तोंडून कधी वाकडा शब्द गेला नसेल. घरच्यांचा फोन आला की माझा आवाज आपोआप चढतो. मामाचे फोन तर रोजचेच. प्रिंटर रुसला, अक्षरं एकदम मोठी झाली, कुठलीशी खिडकी बंदच होत नाही. एकदा म्हणाला, चहाला उठलो की स्क्रीन काळी होते, परत पासवर्ड मागते, माझी तंद्री मोडते. मी वैतागून त्याला दोन मिनिटांत सेटिंगपर्यंत नेलं, 'कधीही बंद होऊ नये' असं निवडायला लावलं आणि फोन ठेवून दिला. वास्तविक त्याचा लॅपटॉप तेव्हा आठ वर्षांचा होता. अशा म्हाताऱ्या स्क्रीनला दिवसरात्र जागं ठेवू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभराने त्याचा परत फोन आला.

"अरे, कामात आहेस का?"

"बोल." मी दुसऱ्या स्क्रीनवर कुणाला तरी उत्तर टाइप करत होतो.

"एका गृहस्थांचा फोटो आलाय दुरुस्तीला. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा दिसतोय. अगदी पुसट. आधी डावी भुवई दिसते, मग केसांची रेघ, मग डोळे. करड्या भागावर जास्त दिसतं, पांढऱ्यावर अजिबात नाही."

"हं."

"हसू नकोस हां. ताई दिसते रे."

ताई म्हणजे माझी आई. मामाची मोठी बहीण. तिला जाऊन दहा महिने झाले होते, आणि त्या दहा महिन्यांत आम्ही दोघं तिच्याविषयी धड एक वाक्य बोललो नव्हतो. माझी बोटं तेवढ्यापुरती थांबली. मग मी कुणालाही सांगतो तेच सांगितलं, "स्क्रीनशॉट पाठव."

तो काढायला मीच त्याला शिकवलं होतं. लगेच आला. मिशीवाले एक आजोबा, खुर्चीवर ताठ बसलेले. दुसरं कुणी नाही.

"मामा, यात काही नाहीये."

"मला आत्ता समोर दिसतेय."

"तुला दिसतेय. स्क्रीनवर नाहीये. डोळे दाखवून घे एकदा. आणि आईचं जरा जास्तच मनाला लावून घेतलंयस तू."

"बरं," म्हणाला. "तुला कळतं त्यातलं."

आमच्याकडे प्रत्येक तक्रार बंद करताना एक शेरा मारावा लागतो. 'यंत्रात दोष नाही' हा शेरा सगळ्यांत सोपा, त्याला पुढे कुणी काही विचारत नाही. मामाच्या तक्रारीवर मी मनातल्या मनात तोच मारला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला शहाणपणा सुचला. संध्याकाळी मी मामीला फोन केला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मामी, मामाकडे जरा लक्ष ठेव. त्याला आई दिसते म्हणतो."

पुढचं सगळं त्या एका वाक्याने झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वयाला इतके चांगले डोळे क्वचित बघायला मिळतात. झालं, म्हणजे डोक्यातच काहीतरी असणार! दुसऱ्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी मामा दुपारभर झोपू लागला. नातेवाईक त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. जिना उतरताना मामी त्याचं कोपर धरायची. सकाळी त्याला पेपर वाचून दाखवायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा, कारण उघडे ठेवले तर बातमी त्याची आधीच वाचून व्हायची आणि तिला वाईट वाटायचं. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात गेला. टेबलावर फोटोंची अकरा पाकिटं होती. ती त्याने एकेकाच्या घरी स्वतः जाऊन परत केली. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाला, "माझ्या नजरेचा आता भरवसा नाही."

त्या दिवसांत मी एकदाच त्याच्याकडे गेलो होतो. शर्टाचं बटण चुकीच्या काजात लावलेलं होतं, हे मला घरी परतल्यावर कळलं. मामा तासभर समोर बसला होता आणि त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि लगेच नजर खाली घ्यायचा. मला आपलं वाटलं, चला, गोळ्यांनी स्वभाव निवळला.

तीन महिने असेच गेले. मग एक दिवस आमच्याच कंपनीच्या माल रवाना करणाऱ्या विभागातल्या बाईंचा फोन आला. स्क्रीनवर पावतीच्या रकान्यांची सावली राहिलीय, काहीही उघडलं तरी मागे दिसते. मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठवा. आला, स्वच्छ. मी तोंड उघडणार इतक्यात त्या म्हणाल्या, "अहो, त्यात कसं येईल? थांबा, मोबाइलने फोटो काढून पाठवते." त्या फोटोत रकाने स्पष्ट दिसत होते.

मला एकदम मामा आठवला. जुनी स्क्रीन एकच चित्र फार वेळ दाखवत राहिली तर त्याचा ठसा धरून ठेवते. स्क्रीनशॉटमध्ये यंत्राच्या आतलं चित्र येतं, काचेवरचं येत नाही. हे मला त्या दिवशी नव्याने कळलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे आम्हाला शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. अशा तक्रारीला विचारायचा पहिला प्रश्नसुद्धा ठरलेला आहे: याआधी स्क्रीनवर काय होतं आणि किती वेळ? अनोळखी बाईंना मी तो विचारला. मामाला विचारला नव्हता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तडक त्याच्या घरी गेलो. चपला काढता काढताच म्हणालो, "मामा, लॅपटॉप काढ. दोष स्क्रीनचा होता. चूक माझी होती." अभ्र्यातून लॅपटॉप काढला, सुरू केला, सबंध स्क्रीन करडी केली. काही नव्हतं. भुवई नाही, रेघ नाही. तीन महिन्यांच्या विश्रांतीत ठसा विरून गेला होता.

मी समजावत सुटलो. मामा शांतपणे ऐकत होता. शेवटी माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "असू दे रे. माझं मन राखायला एवढ्या लांबून आलास, खूप झालं."

मामीने त्याच्या पाठीमागून मला 'पुरे' अशी खूण केली. मग स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात बोलली, "आत्ता कुठे सावरलेत ते. पुन्हा कशाला उकरून काढतोस? तुला आईची आठवण येते, मला कळतं." तिच्या बोलण्यातली ती समजूत माझ्या ओळखीची होती. मीच ती तीन महिन्यांपूर्वी फोनवरून या घरात पाठवली होती. आता मी खरं सांगत होतो आणि ती माझ्या डोक्यावरून मायेने हात फिरवत होती. इतकी लाज मला शाळेत कॉपी करताना पकडलं तेव्हाही वाटली नव्हती.

आमच्या कामात एक नियम आहे. दोष सापडत नसेल तर तो पुन्हा घडवून आणायचा. मी बाहेर येऊन मामाला विचारलं, "त्या आजोबांच्या आधी कुठला फोटो होता स्क्रीनवर?"

तो घुटमळला. चोरी पकडल्यासारखा मामीकडे बघू लागला. "ताईचाच," म्हणाला. "तुझ्या लहानपणचा, तू तिच्या कडेवर आहेस तो. मधोमध भेग गेली होती, नेमकी तिच्या चेहऱ्यावरून. ती जाऊन वर्ष व्हायच्या आत तुला द्यायचा होता, म्हणून बोललो नाही. नुसता तिचा चेहराच मोठा करून ठेवला होता, सबंध स्क्रीनभर. बारा-तेरा दिवस तसाच होता. तू ती स्क्रीन बंद होऊ नये असं करून दिलं होतंस ना, त्याचा फार उपयोग झाला बघ."



मी आठवड्याची रजा काढली आणि तिथेच मुक्काम ठोकला. आईचा चेहरा स्क्रीनभर लावला आणि तसाच ठेवला. मामी टेबल पुसताना लॅपटॉपला वळसा घालून पुसायची आणि उसासे टाकायची. रोज सकाळी मी स्क्रीन करडी करून बघायचो. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. मामा खिडकीपाशी बसून असायचा, इकडे फिरकायचाही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठला, जाता जाता थबकला आणि म्हणाला, "उजेड वाढव. मी पूर्ण उजेडावर काम करतो." मी वाढवला.

सहाव्या दिवशी सकाळी स्क्रीन करडी केली आणि वाट बघत राहिलो. नजर ठरायला थोडा वेळ लागला. मग डावी भुवई दिसली. त्यानंतर केसांची रेघ, आणि मग डोळे. माझी आई, तिच्या हयातीतही मी इतकं निरखून न बघितलेली.

मामीला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकली आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरून म्हणाली, "अगं बाई! वन्सं!" मी तिला स्क्रीनशॉट काढून दाखवला, त्यात नुसता करडा रंग. मग मोबाइलने फोटो काढून दाखवला, त्यात आई. तिने दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले. मग खिडकीकडे वळली. "अहो, इकडे या जरा," एवढंच म्हणू शकली, पुढे तिला रडू आवरेना. मामाच्या गोळ्यांच्या वेळा तीन महिने तिनेच सांभाळल्या होत्या.

मामा आला. चष्मा लावला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. काचेला न लावता त्याने बोट भुवईवर धरलं आणि हळूच खाली आणलं.

"हे जायला काय करायचं?" त्याने विचारलं.

"पांढरी स्क्रीन लावून ठेवायची. एक-दोन दिवसांत जाईल."

"मग लाव. लोकांची पाकिटं परत आणायचीत."

मी स्क्रीन पांढरी केली. आई दिसेनाशी झाली. मामाने खुर्ची ओढली, समोर बसला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. पूर्वीसारखा, तपासून. मी मान खाली घालायच्या बेतात होतो.

"त्या दिवशी फोनवर मी तुला हेच सगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. "भुवई, रेघ, डोळे. तू ऐकत होतास ना?"

नुसतं 'हो' म्हणालो असतो तरी त्याने मानलं असतं. त्याने माझं सगळंच मानलं होतं. मामीही माझ्याकडे बघत होती.

"नाही, मामा. मी दुसऱ्या कुणाला तरी उत्तर लिहीत होतो."

त्याने मान हलवली.

"हो, टाइपिंगचा आवाज येत होता," तो म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल."