कोठीची किल्ली

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तलासरीहून निघालेली ईको गाडी प्रवासी भरायला चारोटीला थांबली, आशागडला पुन्हा थांबली, आणि ड्रायव्हर म्हणतो कसा, "मॅडम, घाई कसली?" घाई कसली म्हणे! शैक्षणिक नेतृत्वावरची माझी पीएचडी अर्ध्यात लटकलेली, मार्गदर्शकांनी हात टेकलेले. मुलाखत होती डहाणूच्या एका स्मृती शिष्यवृत्तीची; ती मिळाली तर बिनपगारी रजा परवडणार होती. नाहीतर पीएचडीला रामराम.

शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाची, त्या बाई मी शिक्षिका म्हणून लागले तेव्हाच्या माझ्या पहिल्या मुख्याध्यापिका. काय बाई होत्या! सुट्टी संपली की पाड्यापाड्यावर जाऊन मुलांना हाताला धरून शाळेत आणायच्या. पण शाळेच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. खडूसुद्धा त्यांच्याच हातून मिळायचा. त्या अचानक गेल्या आणि कुठलं काम कसं करायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. चांगली चाललेली शाळा बघता बघता ढेपाळली. माझ्या प्रबंधात नेमकं हेच लिहिलं होतं. आणि मुलाखत घेणार होते बाईंचे यजमान. आता बोला!

त्यांच्याच घरी बसलो होतो. सोबत एक प्राध्यापक, भिंतीवर बाईंचा फोटो, ताजा हार. माझ्या पर्समध्ये फोन सारखा घुरघुरत होता. मी पर्स पायाने मागे सरकवली.

"संशोधनाचं सार सांगा," प्राध्यापक म्हणाले.

गोड बोलावं आणि मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण माझ्या जिभेला हाड कुठलं!

"बाई मोठ्याच होत्या," मी म्हटलं, "पण त्यांनी मागे कोणाला उभं केलं नाही. सगळं स्वतःच्या हातात ठेवलं. नेतृत्व म्हणून ते चुकलंच."

झालं. प्राध्यापक कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"घरीही तसंच होतं," यजमान हळूच म्हणाले. "ती गेल्यावर चहा करायला गेलो, तर साखर कुठल्या डब्यात तेच मला माहीत नव्हतं." मला फार वाईट वाटलं. मग तेच म्हणाले, "तो फोन घ्या बरं. केव्हाचा वाजतोय."

फोन आमच्या आश्रमशाळेतून, स्वयंपाकाच्या मावशींचा होता. आता तिथली मुख्याध्यापिका मीच. मावशींचा आवाज खोलीभर ऐकू गेला. "मॅडम, कोठीला कुलूप आहे! तांदूळ काढायचाय, पोरं भुकेली झालीत. किल्ली कुठं ठेवलीत?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुसरी शाळेच्या कपाटात होती, पण त्या कपाटाची किल्लीही पर्समध्येच. अगं आई गं! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला.

"कुलूप फोडा," मी कशीबशी म्हणाले.

यजमान एवढे हसले, एवढे हसले की डोळ्यांना पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की नाही, कोण जाणे. "शिष्यवृत्ती तुम्हालाच," ते म्हणाले. "हा विषय तुमच्याइतका कोणाला कळणार? फक्त रजेवर जाताना पर्स झटकून जा."

रजेच्या आदल्या संध्याकाळी मी नव्या कुलपाची किल्ली मावशींना दिली.

"परत कधी देऊ, मॅडम?"

"राहू दे तुमच्याकडेच," मी म्हटलं. हात मात्र माझा अजून पुढेच होता.