मागच्या खुर्चीवरचा वर्लन

आमच्या धरणावर ज्याची बोट त्याची पुढची खुर्ची, यात वाद नाही. पुढचा माणूस पायाखालच्या पेडलने छोटी विजेची मोटर वळवत बोट काठाकाठाने हळूहळू नेतो, कोरं पाणी आधी त्याच्या वाट्याला येतं, आणि मागच्याने त्याच्या पुढे गळ टाकायचा नसतो. पुढच्याने टाकून झालं की मग मागच्याने टाकायचा. म्हणजे मागच्याच्या नशिबी उष्टं पाणी. वर्लन टिप्टन बत्तीस वर्षं हे उष्टं पाणी धुंडाळत होता.

आला तेव्हा सव्वीसचा होता. होबार्ट क्रेनच्या दुकानात बोटीची इंजिनं दुरुस्त करायला दोन आठवड्यांसाठी आला, आणि दोन आठवडे झाले की पश्चिमेला टेक्सासकडे निघायचं, असं सगळ्यांना सांगत फिरायचा. दुकानात नाकतोडे, गांडुळं, बर्फ, गळ, आणि गल्ल्यावर होबार्टची मुलगी नेल्डा. पुढचं सांगायला नकोच. लग्नानंतर दुकानाच्या वरच्या खोल्यांत बिऱ्हाड झालं, आणि गडी घरजावई होऊन बसला. टेक्सासचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, तो अजून तिथेच आहे.

होबार्टचा स्वभाव कसा, तर जावयाला दर शनिवारी न चुकता मासे मारायला नेणार, स्वतःच्या हातची कॉफी पाजणार, आणि पुढची खुर्ची मात्र एकदाही देणार नाही. ताप असला तरी नाही. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. ती खुर्ची दुसऱ्याला देता येते हेच त्याला कधी सुचलं नाही.

त्यात तीन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याची नजर गेली. कडेकडेचं धूसर दिसायचं, समोरचं सगळं पुसून गेलेलं. गाडीचा परवाना त्याने आपणहून परत केला, कारण मात्र कंबरदुखीचं सांगितलं. ऐंशी पार केलेल्या माणसाचा तोरा तो. नेल्डाने वर्लनला दुकानामागे गाठलं आणि बजावलं, “बाबांना दिसत नाही हे आपल्याला कळलंय, हे त्यांना कळता कामा नये. शनिवार गेला तर ते महिनाभर टिकायचे नाहीत. ते तुझ्यावर आहे बघ.”

झालं. ते वर्लनवर आलं.

आता आंधळ्या माणसाने बास मासा धरायचा कसा? तर स्पिनरबेटने. आम्ही फिरकी म्हणतो. वाकवलेली तार, तिच्या एका टांगेला शिशाचं डोकं, रबरी झालर आणि गळ, दुसऱ्या टांगेला पत्र्याची पाती. ओढली की पाती गरगरतात आणि त्यांची धडधड दोरीतून, काठीतून थेट मनगटात येते. तिला डोळे लागतच नाहीत. तारेमुळे ती फांद्यांत सहसा अडकत नाही. बुडालेल्या खोडाच्या पलीकडे टाकायची, खोडाला घासून आणायची, घासली की क्षणभर सैल सोडायची. धडधड थांबली की समजायचं, माशाने तोंडात घेतली. मग झटका. म्हाताऱ्याच्या मनगटाला ते बरोबर कळायचं.

पण फिरकीलाही तिचे दिवस असतात. एप्रिलमध्ये डॉगवुडच्या झाडांना पांढरा बहर आला, पाणी वरून गढूळ होऊन आलं, आभाळ भरलं आणि वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडल्या, की बास काठाच्या झुडपांत येऊन बसतो आणि फिरकीवर तुटून पडतो. गढूळ पाण्याला गोल पातं, जडशी धडधड, ओढायचं सावकाश. निवळलेल्या पाण्याला लांबट पातं, चमक जास्त, ओढायचं भरभर. आणि ऑगस्टच्या भर उन्हात, आरशासारख्या पाण्यात? तिथे खोलात, रबरी किडा लावून, दोरीकडे टक लावून बसायचं असतं. ते काम म्हाताऱ्याला जमणारं नव्हतं. त्यामुळे ऑगस्ट असो की जानेवारी, त्या बोटीत फिरकी. पुढच्याने फिरकी टाकायची, मागच्यानेही फिरकीच टाकायची, नाहीतर म्हातारा विचारणार, “का रे, तुला वेगळं काय दिसलं?”

आणि बोट? पेडल पुढच्याच्या पायाखाली. पहिल्याच महिन्यात तीन खोडांवर आपटली. मग वर्लनने गुपचूप मोटर बदलली, तिचा रिमोट स्वतःच्या गळ्यात अडकवला, आणि जुनं पेडल जागच्या जागी तसंच ठेवलं. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. म्हातारा पुढे उभा राहून ऐटीत पेडल दाबायचा आणि वर्लन मागून त्याच्या पायाकडे बघत बोट वळवायचा. शिवाय बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा धरून तोंडाची टकळी चालू ठेवायची. “मिस्टर होबार्ट, ते दहाच्या काट्यावरचं खोड बघा, गेल्या वर्षी तिथेच तुम्ही मोठा काढला होतात. अंतर असेल पंचवीस पावलं.”

“दिसतंय मला,” म्हातारा म्हणायचा, आणि बरोबर तिथे टाकायचा.

असे तीन वर्षांचे शनिवार. वर्लनची नजर म्हाताऱ्याचा पाय, खोडं आणि म्हाताऱ्याच्या काठीचं टोक यांतून सुटायची नाही. स्वतःच्या काठीकडे बघायला वेळ कुणाला होता? जीव गुदमरायचा त्याचा. परत आला की तो बोट धुवायच्या निमित्ताने तासभर घरात जायचा नाही.

यंदा एप्रिलमध्ये डेंटनचा फोन आला. डेंटन शाळेतला दोस्त, टेक्सासच्या हद्दीवरच्या मोठ्या धरणावर गाइड. गिऱ्हाइकांना बोटीतून नेऊन मासे मिळवून द्यायचे, हा धंदा. जोडीदाराचे गुडघे गेले होते.

“ये इकडे,” डेंटन म्हणाला. “आणि एक लक्षात ठेव, म्हाताऱ्या. गाइड पुढे उभा राहतो. सोमवारी सकाळपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी हाक परत येत नाही, हे वर्लनला पक्कं कळत होतं. त्याने नेल्डाला सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून ठेवलं, मग परत उचलून परत पुसलं.

“मी येईन,” ती म्हणाली. “दुकान माझा चुलतभाऊ घेईल, बाबा त्याच्याकडे राहतील. पण बाबांना तू सांग. मी नाही सांगणार.”

“तुझे बाबा आहेत ते.”

“म्हणूनच.”

शनिवारी सकाळी आभाळ अगदी फिरकीसाठी आल्यासारखं आलं होतं. दक्षिणेचा वारा, पाणी दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं. वर्लनने गोल पात्याच्या दोन फिरक्या बांधल्या, पांढऱ्या-पोपटी झालरीच्या. घाटावरून बोट पाण्यात सोडली, म्हाताऱ्याचा हात कोपराला लागेल असा उभा राहिला, आणि म्हातारा जणू सहज टेकल्यासारखा टेकून बोटीत चढला. हाही दर शनिवारचा सराव.

पहिल्या तासात म्हाताऱ्याने दोन काढले. वर्लनने शब्दांचा तोंडात घोळवून घोळवून चोथा केला. इंजिनाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, चर्चच्या नव्या छपराबद्दल बोलला. नऊला डब्यातली बारकी सॉसेजं आणि खारी बिस्किटं काढली, तेव्हा म्हातारा म्हणाला, “आज तू खोडांपेक्षा छपराबद्दलच जास्त बोलतोयस. काय ते बोलून टाक.”

वर्लनने बोलून टाकलं. डेंटन, टेक्सास, सोमवार, नेल्डाचा चुलतभाऊ. बोलताना तो बिस्किटाच्या पुड्याकडेच बघत होता.

म्हाताऱ्याने सॉसेज संपवलं. बोटं पुसली. मग पाय उचलून त्या पेडलवर दोनदा आपटला.

“हे काढून टाक आधी,” तो म्हणाला. “तीन वर्षं मी उगाच घोटा झिजवतोय.”

वर्लनच्या तोंडचं पाणी पळालं. “तुम्हाला माहीत होतं?”

“अरे, चाळीस वर्षं पेडल मारलंय मी. मोटरचा आवाज पायाच्या आधी येतो का नंतर, एवढं कळणार नाही? डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.”

“मग बोलला का नाहीत?”

“नेल्डा म्हणाली, वर्लनचा जीव शनिवारात अडकलाय. तुम्ही सोडलंत तर तो खचेल. तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, पोराला हौस आहे तर येऊ दोन-चार वर्षं. मला खरं तर सकाळी उठवत नाही रे आता. पाठ धरते.”

वर्लनला हसावं की त्या बयेच्या नावाने शंख करावा हे कळेना. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांवर उपकार करता करता एकमेकांना बोटीत कोंडून घातलं होतं. नेल्डाच्या मनातही काही पाप नव्हतं, तिला फक्त कुणीच कोसळायला नको होतं.

“जा तू टेक्सासला,” म्हातारा म्हणाला. “मी राहीन पुतण्याकडे. पोर्चवर खुर्ची आहे, ऐकायला रेडिओ आहे. ऊठ, पुढे ये.”

“असू दे, मिस्टर होबार्ट.”

“पुढे ये म्हणतोय ना. गाइड होणार म्हणतोस आणि पुढे कधी उभा राहिलास? मला धर, मागे बसव.”

त्यांनी जागा बदलल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. वर्लन पुढच्या टोकावर उभा राहिला. समोर अख्खा काठ कोरा पडलेला. वारा पाठीशी, पाण्यात अर्धी बुडालेली झुडपं, त्यांच्यामधून खोडं. याच्यासाठीच तो तळमळला होता.

बोट पुढे सरकली. दहाच्या काट्यावर झकास खोड आलं.

“दहाला खोड, मिस्टर होबार्ट,” वर्लन म्हणाला. “वीस पावलं.” आणि तो थांबला.

बोट खोडाच्या बाजूने निघून गेली.

“मग टाक की,” मागून म्हातारा म्हणाला.

वर्लनने टाकला. तोवर खोड मागे पडलं होतं. फिरकी मागच्या बाजूला पडली, मागचा माणूस जिथे टाकतो अगदी तिथे.

“तिरका गेला,” वर्लन पुटपुटला.

“तिरका नाही, मागे गेला. ऐकू आला मला.”

दुसऱ्या खोडाला तेच झालं. हात उचलायचा, आणि कुणीतरी आधी टाकेल म्हणून आपसूक थांबायचा. तिसऱ्याला वर्लनने दात खाऊन, स्वतःला शिवी देऊन समोर टाकला. फिरकी खोडापलीकडे नेमकी पडली. बत्तीस वर्षं काय उगाच बघितलं होतं का? पाती धडधडायला लागली. खोडाला घासली. त्याने सैल सोडली. परत धडधड. आणि थांबली.

धडधड थांबली, आणि वर्लनची नजर सवयीने मागे गेली, म्हाताऱ्याच्या काठीच्या टोकाकडे. म्हाताऱ्याची काठी मांडीवर आडवी पडलेली होती, कोरडी. वर्लनने भानावर येऊन झटका दिला तेव्हा दोरी मोकळीच हातात आली.

“गेला?” म्हाताऱ्याने विचारलं.

“गेला.”

“काठी तुझ्या हातात होती रे, पोरा.”

“हो, सर.”

म्हातारा म्हणाला, “टाक परत. सवय होईल.” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि त्याचंच वर्लनला जास्त लागलं. चेष्टा केली असती तर राग तरी काढता आला असता.

दुपारपर्यंत वर्लन पुढे उभा होता. मासे लागले, नाही असं नाही, तीन लागले. तिन्ही मागे टाकलेल्या गळाला. तिसऱ्या माशानंतर त्याने आपणहून विचारलं, “तुम्ही येता का पुढे?” म्हातारा म्हणाला, “नको. इथे बरं वाटतंय. इथे काही सांभाळावं लागत नाही.” आणि टोपी डोळ्यांवर ओढून तो चक्क झोपला.

घरी नेल्डा जिन्यातच उभी होती. “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“जा म्हणाले. तुझं बिंग पण फुटलंय, ते मागाहून बघू.”

ती रडली, हसली, कपाटाचं दार उघडून नकाशा बघून आली. वर्लनने बोट धुतली. पुढच्या टोकावरचं पेडल उपटून काढलं, त्याखाली रंग न उडालेला एक चौकोन होता, त्यावरून त्याने अंगठा फिरवला. त्या दिवशी तो दोन तास घरात गेला नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर तो एकटाच बोट घेऊन गेला. चार तास पुढे उभा राहिला, मागे कुणी नसताना. दर खोडापाशी हात थांबत होता. संध्याकाळी परतला तेव्हा नेल्डाने त्याचं तोंड बघितलं आणि नकाशाचं दार लावून टाकलं.

सोमवारी सकाळी त्याने डेंटनला फोन लावला. जमणार नाही म्हणाला.

डेंटन वैतागला. “वाटलंच मला. तो म्हातारा सोडत नाही ना तुला?”

वर्लन काउंटरशी उभा होता. बाहेर पोर्चवर होबार्ट क्रेन रेडिओ ऐकत पाय पसरून निवांत बसला होता, शनिवारची कसलीच काळजी नसल्यासारखा.

“त्यानं सोडलं रे,” वर्लन म्हणाला. “तीच तर पंचाईत झाली.”