कपाटाला कुलूप आणि ताईंना शाल

सुलोचनाताई काटकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणाने. चिखलीपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या वृद्धाश्रमात मी तेव्हा नवा होतो. जेवणे आटोपली की आम्ही सगळे ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, फाटकाकडे तोंड करून बसत असू. कोणी येणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक, तरी तोंड तिकडेच. एका दुपारी ताई आल्या. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. पिशवीतून चिंध्यांचा चेंडू काढला आणि थेट माझ्या अंगावर फेकला. मी झेलला, उलटसुलट करून पाहिला.

"हा कोणं शिवला, बाई?"

"मी. काऊन?"

"शिवला नाही, बांधून ठेवला. सुईले लाज आणली तुम्ही."

"मंग तुम्ही शिवा न! नुसती भिंत झिजवून राह्यले बसल्या बसल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुईदोरा आणला. मी चेंडू उसवला, कापूस भरून नव्याने शिवला. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस मी. दुकान बंद झाल्यापासून सुई हातात आली ती त्या दिवशी.

आता ताईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. आश्रमातर्फे मी लिहावे असा निरोप समितीच्या अध्यक्षसाहेबांनी धाडला आणि वर सांगितले, "तुळशीरामजी, गोड लिहा. त्या कपाटाचं काही काढू नका." माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण गिऱ्हाइकांनी कापड ज्यात गुंडाळून आणले त्या वर्तमानपत्रांवर झाले. तेवढ्या शिक्षणात मला गोड लिहिता येते. पण उसवलेल्या शिवणीवर इस्त्री फिरवून गिऱ्हाइकाच्या हाती कापड देणे मला कधी जमले नाही. म्हणून कपाटाचेच लिहितो. ज्यांना वाचणे सोसणार नाही त्यांनी पान उलटावे.

ते कपाट ताईंच्या खेळांचे होते. चेंडू, सोंगट्या, पत्ते, चिंचोके, एक पितळी थाळी आणि ती वाजवायचा चमचा. रोज तीन ते पाच आमचा तास. संगीत खुर्ची खेळायची, पण खुर्ची कमी करायची नाही. थाळी थांबली की मिळेल तिथे बसायचे आणि शेजारी जो येईल त्याला त्याच्याबद्दल एक गोष्ट विचारायची. आमच्यातले गुलाबराव कोर्टात कारकून होते, नियमांचे पक्के. ते म्हणाले, "ताई, हा कोणता कायदा? कोणीतरी बाद झालं पाहिजे न!"

ताई म्हणाल्या, "गुलाबराव, इथं येतानाच सगळे घरून बाद होऊन आले. माह्या खेळात कोणी बाद होत नसते."

गुलाबरावांच्या शेजारच्या खाटेवर मी वर्षभर झोपत होतो, पण ते बासरी वाजवत असत हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळले. वर्षभर आम्ही एकमेकांना फक्त खोकताना ऐकले होते.

ताईंची माया बोलून दाखवण्यातली नव्हे. माझ्या डोळ्यांना आता दोरा ओवता येत नाही. मी ते कोणाला सांगितले नव्हते. शिंप्याने कसे सांगावे? एक दिवस माझ्या उशीला पाच सुया टोचलेल्या दिसल्या, पाचही ओवलेल्या. मग रोजच. त्याविषयी त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

आता दुसऱ्यांची माया सांगतो. बाहेर कोणाचा वाढदिवस असला की गाड्या येतात. आमच्या हाती एकेक केळे देतात आणि फोटो निघेपर्यंत सोलू देत नाहीत. "आजोबा, इकडं पाहा, थोडं हसा." फोटो झाला की गाड्या गेल्या. अहो, माणूस हसावा असे काही करा, मग हसायला सांगा! कोणी प्रवचनकार आणतात. तो आम्हाला सांगतो, आता मन संसारातून काढा. संसारानेच आम्हाला काढून टाकले, बाबा, तू आणखी काय काढायला सांगतो? म्हातारा माणूस म्हणजे डोळे मिटून स्टेशनवर बसलेला प्रवासी, असा यांचा समज आहे. त्याने गाडीची वाट पाहावी. हालचाल केली की यांना ते खपत नाही.

कुलूप लागले त्या शनिवारची गोष्ट अशी. ताईंनी चेंडू फिरवायचा खेळ मांडला होता. थाळी थांबेल तेव्हा चेंडू ज्याच्या हाती असेल त्याने उखाणा घ्यायचा. पुरुषांनीही. मी माझ्या बायकोचे नाव घेताना असा अडखळलो की बायका पोट धरून हसल्या. मग चेंडू यमुनाबाईंच्या हाती थांबला. यमुनाबाई बीबी गावाकडच्या शेतकरी घरातल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी चेंडू खाली ठेवला. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचे नाव एरवी तोंडाने घेत नाहीत, घेतात ते उखाण्यात. आणि कपाळ मोकळे झाले की उखाण्याला कोणी बोलावत नाही. म्हणजे नवरा जातो आणि पाठोपाठ त्याचे नावही बाईच्या तोंडून जाते. वीस वर्षे ते नाव यमुनाबाईंच्या जिभेवर आले नव्हते.

"मले नाही घेता येत, ताई. मी तशी..."

"तशी म्हंजे कशी? नाव मेलं का त्यायचं?"

यमुनाबाईंनी पदर सावरला आणि बारीक आवाजात म्हणाल्या,

"तव्यावरची भाकर पलटली येळेवर,
किसनरावाचं नाव आलं उशिरानं ओठावर."

आम्ही टाळ्या वाजवल्या. यमुनाबाई रडता रडता हसू लागल्या आणि म्हणाल्या, "थांबा, मले अजून एक येते!"

नेमके त्याच वेळी त्यांचे चिरंजीव आले. चार महिन्यांनी आले होते. मी मुद्दाम 'चिरंजीव' लिहितो, मान देऊनच लिहितो.

"माय, लाज वाटत नाही तुले? बाबाले जाऊन वीस वर्षं झाले. माणसायत बसून नाव घेते, अन् हसते?"

यमुनाबाई म्हणाल्या, "तुह्या बापाचंच घेतलं, बाबू. दुसऱ्याचं घेतलं का?"

आम्ही हसलो. तेच बाधले. चिरंजीव तडक अध्यक्षांकडे गेले. विधवांकडून उखाणे घेववतात, बायापुरुष एकत्र नाचवतात, हे बंद झाले नाही तर आईला इथून हलवून लांब नेऊन ठेवतो, असे सांगून गेले. समितीची बैठक झाली. आम्हाला कोणी विचारले नाही. ताईंनाही फक्त निर्णय सांगितला: "वयाला शोभतील असे कार्यक्रम." कपाटाला कुलूप आले. फळ्यावर नवा मजकूर आला, दुपारी तीन ते पाच नामस्मरण. ते स्पीकरवर लागते. आम्ही फक्त बसतो.

देवाच्या नावाशी माझे भांडण नाही. पण किसनरावांचे नाव कोणत्या शास्त्राने विटाळले, ते समितीने मला एकदा समजावून सांगावे.

ताई भांडतील असे आम्हाला वाटले होते. त्या भांडल्या नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, मी तोंड उघडलं तर तो मायले घेऊन जाईन. या वयात नव्या भिंतीले पाठ लावून बसायचं का तिनं?" त्या दिवसापासून ताई आल्या नाहीत. आणि यमुनाबाई पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसतात. जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते.

आणि आता तीच समिती ताईंना शाल पांघरणार, श्रीफळ देणार. ज्या कामासाठी शाल, त्याच कामाला कुलूप! अध्यक्षसाहेब, हा गौरव आहे की निरोप समारंभ, ते तुम्हीच ठरवा. ताईंना काही द्यायचेच असेल तर तबकात शालीऐवजी कपाटाची किल्ली ठेवा.

हा लेख छापायला देण्याआधी मी यमुनाबाईंना वाचून दाखवला. तुमचे नाव लेखातून काढू का, असे विचारले. मुलगा खरोखर घेऊन गेला तर काय, हेही विचारले. त्या म्हणाल्या, "काढू नका. अन् आणखी लिवा. माह्यासाठी ताई गप बसल्या. आता मी नाही बसणार. पोराले सांगा, माय इथून हालत नाही. न्यायचं असन तर आपल्या घरी ने म्हणा, दुसऱ्या कुठी नाही. अन् घरी नेलं, तर तिथं बी मी त्याच्या बापाचं नाव घेईन."

तर ठरले असे आहे. सत्कारानंतरच्या सोमवारी दुपारी तीन वाजता आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसणार. किल्ली मिळाली तर बरे, न मिळाली तरी बसणार. जोडीला स्पीकर लावायचा असेल त्यांनी लावावा.

ताई, तुम्हाला मोठे आयुष्य मिळो, गुडघे सलामत राहोत, साखर काबूत राहो. हे मी केवळ आमच्यासाठी मागत नाही. उद्या अध्यक्षसाहेब थकतील, यमुनाबाईंचे चिरंजीवही थकतील, आणि त्यांनाही कोणीतरी कुठल्यातरी ओसरीवर आणून बसवील. तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना उठवायला तुम्ही असाव्यात, एवढे मागणे आहे. तुम्ही त्यांनाही बाद करणार नाही, हे मला माहीत आहे. मी मात्र केले असते.

सोमवारी या.