भंगारातून आणलेला बँड सॉ

लाकूड चिरणाऱ्या आरामशीनवाल्याने माझी शिसमाची फळी वाया घालवली आणि वर हसला.

मी मेहकरला पंचायत समितीत क्लार्क आहे आणि संध्याकाळी परसातल्या टिनाच्या शेडमध्ये गिटारी बनवते. मुलीची फुटलेली गिटार दुरुस्त करता करता हा नाद लागला. ती शिकायला बाहेर गेली, नाद राहिला. पहिल्या दोन गिटारी विकतच्या पातळ प्लायच्या केल्या. तिसरी खऱ्या लाकडाची करायची होती. भावाच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, शिसम वादळात पडलं, त्यातली एक फळी मी चार वर्षं पलंगाखाली वाळवली होती. गिटारीच्या पाठीसाठी अशी फळी उभी चिरून दोन पातळ पानं काढतात आणि वही उघडावी तशी शेजारी शेजारी जोडतात. दोन्हीकडच्या रेघा जुळून येतात.

किती जाड हवं ते मी पेन्सिलने आखून दिलं होतं. आरामशीनवाल्याने तिकडे न बघता ओंडके चिरायच्या मोठ्या करवतीवर फळी सर्रकन ढकलली. पान निघालं ते एका टोकाला बोटाएवढं जाड, दुसऱ्या टोकाला भोक पडलेलं.

“गिटार नाई झाली त पोळपाट करा, मॅडम,” तो म्हणाला. त्याचे दोन कामगारही हसले.

“तुमचं पातं बोथट आहे.”

त्याचं हसू गेलं. “वीस वर्सांपासून लाकूड चिरून राह्यलो मी. तुम्ही मले शिकवता? घरी जा, भाजी चिरा.”

दोन्ही तुकडे काखेत घेऊन मी घरी आले. रस्त्यात ओळखीची बाई भेटली, तिला टाळून पुढे गेले.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, बँड सॉ घ्यायचा. म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरतं ती करवत, घरात मावेल अशी. महिनाभर वाचलं, व्हिडिओ बघितले आणि एक गोष्ट पक्की कळली: मोटर, रंग, गॅरंटी सगळं नंतर. आधी बघायचं ते मशीनच्या टेबलापासून वरपर्यंतची मोकळी उंची, म्हणजे किती रुंद फळी उभी आत जाईल. गिटारीच्या पाठीची फळी उभी धरली की आठ इंच भरते. तेवढी जागाच नसेल तर बाकीचं काय चाटायचं आहे?

खामगावच्या दुकानात नवरा बरोबर आला होता. दुकानदार पहिल्यापासून त्याच्याशीच बोलत होता. “साहेब, मॅडमच्या हौसेले ही छोटी पुरे. घरात शोभते बी.”

“आठ इंची फळी जाईल यात?” मी विचारलं.

“जाईल ना, साहेब,” तो नवऱ्याला म्हणाला.

मी पर्समधून टेप काढला. साडेतीन इंच. टेप तसाच धरून ठेवला.

“चालू करून दाखवा.”

“लाइट नाई आता.”

डोक्यावर पंखा फिरत होता. मी वर बघितलं, त्यानेही बघितलं.

“चल,” नवरा माझं कोपर धरून म्हणाला, “तमाशा नको.”

परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारलं, “तो तुझ्याशी बोलत होता, तर तू मान का हलवत होतास?”

“मग काय भांडू त्याच्याशी?”

“हो.”

मेहकर येईपर्यंत आम्ही दोघे दोन खिडक्यांशी बसलो.

त्या बसमध्येच मला आरामशीनच्या कोपऱ्यातली जुनी बँड सॉ मशीन आठवली. बिडाची, बुटकी, भुशात अर्धी गाडलेली. कधीतरी खुर्च्यांच्या वाकड्या पाठी कापायला आणलेली, आता बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी आत शिरले आणि त्याला विचारण्याआधी टेप लावला. अकरा इंच! हाताने चाक फिरवलं, जराही डगडगलं नाही. चाकांवरचं रबर सडलं होतं, पातं नव्हतं, मोटर जळालेली. पण अंग शाबूत होतं.

“ही विकता का?”

“काऊन?”

“तुमच्या कामाची नाही, माझ्या आहे.”

तो खुर्चीतून उठलाही नाही. “भंगारात देईन, पण तुमाले नाई देणार.”

मी तिथून सरळ बस स्टँडमागच्या भंगारवाल्याकडे गेले. “आरामशीनवरून बिडाची करवत आली तर फोडू नका. मला फोन करा.”

आरामशीनवाल्याने शब्द खरा केला, मशीन भंगारात दिली. पंधरा दिवसांनी भंगारवाल्याचा फोन आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी ती मालवाहू रिक्षातून घरी आणली. उतरवायला नवऱ्याने एक बाजू धरली.

दुसऱ्या संध्याकाळी आरामशीनवाला फाटकाशी उभा.

“तुम्ही मले फसवलं.”

“तुम्ही भंगारात दिली, मी भंगारातून घेतली.”

“माहीत असतं त हातोड्यानं फोडून देल्ली असती.”

“म्हणून तर सांगितलं नाही.”

नवरा बाहेर येऊन म्हणाला, “या, बसा. चहा घ्या.”

“चहा मिळणार नाही,” मी म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

पुढचे दोन महिने रविवार मशीनमध्येच गेले. अकोल्याहून रबर आणि पातं आणलं, मोटर नवी बसवली. मग बाभळीच्या फळीवर पहिला काप घेतला. पातं रेघ सोडून वाहवलं. दुसरा, तिसराही तसाच वाकडा. पातं तर कोरं होतं. मीच पात्याचा ताण ढिला ठेवला होता आणि मी फळी घाईने रेटत होते. म्हणजे त्या दिवशी आरामशीनवाल्याचंही पातं कदाचित धारदार असेल. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. आखलेली रेघ न बघता रेटणारा तोच होता.

भावाकडे त्याच शिसमाची आणखी एक फळी होती, ती मागून आणली. ताण वाढवला, हात सावकाश ठेवला. दोन पानं सरळ निघाली. मी ती टेबलावर उघडून ठेवली आणि कितीतरी वेळ बघत बसले. नवरा शेडमध्ये आला, पानांना बोट लावायला लागला.

“हात लावू नको,” मी म्हणाले. तो घरात गेला.

गिटार या उन्हाळ्यात पुरी झाली. आवाज चांगला आहे, खालच्या तारा जरा जड बोलतात. ऑफिसचा रस्ता आरामशीनवरूनच जातो. तो बाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो. मी दिसले की मान फिरवतो. मीही फिरवते.